वायुदूत आठवतंय का? छोट्या गावांचं विमान, काकांचा रोजमेळ आणि आपलं सांबरा

वखारवाला_निपाणी (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात निपाणीतल्या आमच्या जुन्या वखारीची आवराआवर काढली. माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात थोरल्या काकांच्या लाल कापडी बांधणीच्या रोजमेळ वह्या. पानापानावर तंबाखूचे बोद, हमाली, तोलाई, अडत, गाडीभाडं. १९८८ च्या वहीत मधेच एक ओळ दिसली आणि मी तिथंच जिन्यावर बसलो.

"कोल्हापूर ते मुंबई विमान. मला काट्यावर उभे केले. ७१ किलो. पिशवी ९. नमुना ४."

ही ओळ काकांनी तोलाईच्या रकान्यात लिहिली आहे. जन्मभर दुसऱ्याचा माल काट्यावर घातलेला माणूस. त्या दिवशी उजळाईवाडीच्या विमानतळावर त्यांनाच काट्यावर चढवलं, आणि त्यांनी तो आकडा जसाच्या तसा वहीत मांडून टाकला. काकू सांगतात, परत आले तेव्हा सदऱ्याच्या खिशात कापसाचे दोन बोळे आणि एक पेपरमिंट होतं. कानात घालायला कापूस दिला होता, यांनी तो घरी दाखवायला आणला.

ते विमान वायुदूतचं. आज तिशीच्या आतल्या कुणाला विचारलं तर नावही माहीत नसतं, म्हणून हा धागा काढला.

वायुदूत सुरू झाली जानेवारी १९८१ मध्ये. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून काढलेली ही तिसरी कंपनी. मूळ हेतू ईशान्य भारताचा होता. तिकडं डोंगर, ब्रह्मपुत्रा, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. शंभर किलोमीटरला दिवस जायचा. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर लष्करासाठी बांधलेल्या धावपट्ट्या मात्र जागोजागी पडून होत्या. पासीघाट, झिरो, तेजू, कैलाशहर अशा गावांना विमान मिळालं ते त्या जुन्या पट्ट्यांमुळं. पुढं देशातल्या बाकीच्या लहान गावांचीही मागणी आली आणि वायुदूत सगळीकडं पसरली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ती शंभराच्या आसपास ठिकाणी जात होती. ज्या गावात धड रेल्वेसुद्धा नव्हती तिथं विमान उतरायचं.

सुरुवातीला इंडियन एअरलाइन्सची फोकर आणि अ‍ॅव्रो विमानं होती. मग आलं डॉर्नियर २२८. जर्मन आराखडा, बांधणी कानपूरला एचएएल म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात, आणि बसायला १९ जणांची सोय. कोल्हापूरची पट्टी तेव्हा १,४०० मीटरलाही कमीच होती, पण डॉर्नियरला तेवढी मोप.

१९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. बारा वर्षांत खेळ आटोपला.

आपल्याकडं यावर एकच वाक्य ऐकायला मिळतं: "लहान गावात विमानाला माणसं कुठनं येणार?" हे मला पटत नाही. काकांसारखी माणसं होती. मुंबईच्या व्यापाऱ्याला नमुना दाखवून, दर ठरवून लगेच माघारी यायची त्यांना गरज होती, आणि त्याचे पैसे मोजायची तयारीही होती. वायुदूतला गावांनी पाठ दाखवली असं मी मानत नाही. ज्या विमानावर भरवसा ठेवून माणूस आपलं काम लावू शकतो, असं विमान गावांना कधी मिळालंच नाही. आठवड्यातनं दोनतीनदा येणार, ढग खाली आले की येणार नाही, पुढल्या हंगामात वेळ बदलणार. आपल्या लाल गाडीत गर्दी असते कारण ती उद्या पण त्याच वेळेला लागणार हे म्हातारीलाही ठाऊक असतं.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, संकेश्वर, कारवार, कोल्हापूर, कुणाकडं काही आठवणी असतील तर लिहा. सांबऱ्याच्या, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळाच्याही चालतील.

---

सांबरा_रोड
रविवार, रात्री ९.५५

वखारवाले अण्णा, काट्याची ओळ वाचून अंगावर काटा आला. सुरेख.

सांबऱ्याचं मी सांगतो, आमचं शेत पट्टीच्या कुंपणाला लागून आहे. हा विमानतळ १९४२ चा, इंग्रजांच्या हवाई दलानं बांधलेला. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी इथं प्रशिक्षण चालायचं. माझे आजोबा सांगायचे की पट्टीची खडी पसरायला आसपासच्या गावची माणसं रोजानं जायची. तुम्ही ईशान्येचं लिहिलंय ते आपल्यालाही लागू आहे बघा. लढाईसाठी पट्टी झाली, लढाई संपली, पट्टी राहिली, आणि तिच्या जिवावर पुढं आपल्याला विमान मिळालं. प्रवाशांसाठी म्हणून सांबरा बांधलेलं नाहीच. आजसुद्धा पहिला मान हवाई दलाचा आहे, तिथं त्यांची मोठी प्रशिक्षण शाळा आहे. पहाटे पोरांच्या कवायतीचा आवाज आमच्या अंगणात येतो.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी हंटर ही लढाऊ विमानं इथनंच उडाली. १८ डिसेंबरला सकाळी त्यांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र पाडलं. आजी म्हणायची, म्हशी दावी तोडून पळाल्या आणि दोन दिवस धारेला उभ्या राहिल्या नाहीत.

प्रवासी इमारत अगदी लहान होती. मामाला सोडायला गेलेलो तेव्हा आत बसायला जागा नाही म्हणून आम्ही बाहेर चिंचेखाली बसलो होतो. नवी इमारत सप्टेंबर २०१७ मध्ये झाली, पट्टीही वाढवून २,३०० मीटरची केली. आता त्याहून मोठी इमारत होते आहे, मार्च २०२४ मध्ये पायाभरणी झाली.

---

कडोलकर_गल्ली
रविवार, रात्री १०.०५

वाचतोय. काकांच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो टाकता येईल का?

---

लोंढ्याची_लेक
रविवार, रात्री ११.२०

दादा, धागा वायुदूतचा आहे, पण त्याच्याही आधीची एक विमान कंपनी आपल्या शेजारीच होती. बेळगावच्या लोकांनी ती लक्षात ठेवली पाहिजे असं मला फार वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझी आजी मडगावची. लग्न होऊन लोंढ्याला आली तेव्हा माहेर म्हणजे गाडीत बसलं की कॅसलरॉक, तिथं जकातीची तपासणी, पुढं दूधसागर, कुळे, मडगाव. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला आईकडं. १९५५ मध्ये भारत सरकारनं गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे बंद झाली आणि आजीचं माहेर एका दिवसात परदेश झालं. सहा वर्षं ती आईला भेटली नाही.

त्याच १९५५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं गोव्यात स्वतःची विमान कंपनी काढली. पोर्तुगीज नावाची आद्याक्षरं घेऊन तिला 'ताइप' म्हणायचे. कारण उघड होतं. गोवा, दमण आणि दीव हे तीन तुकडे एकमेकांपासून लांब, मधे सगळा भारत. जमिनीवरनं जाता येईना, बोटीला वेळ लागे. मग दाबोळीला धावपट्टी केली, दमण आणि दीवलाही केल्या, आणि गोवा, दमण, दीव, कराची अशी विमानं सुरू झाली. सुरुवातीला चार इंजिनांची हेरॉन नावाची छोटी विमानं होती, मग व्हायकिंग आणि त्याहून मोठी आली, पुढं थेट लिस्बनपर्यंत सेवा गेली. दीवसारख्या मासेमारीच्या बेटाला ऑगस्ट १९५५ पासून विमान होतं, हे तेव्हाच्या आपल्या कितीतरी जिल्ह्यांच्या गावांना नव्हतं.

सांबरा_रोड यांनी १८ डिसेंबरचं लिहिलं. त्याच सकाळी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या पट्टीवर बॉम्ब टाकले. विमानतळाची इमारत मात्र मुद्दाम शाबूत ठेवली. तिथं उभी असलेली दोन प्रवासी विमानंही वाचली, आणि त्या रात्री काळोखात, पट्टीचा जो काही तुकडा नीट उरला होता त्याच्यावरनं ती दोन्ही कराचीला निघून गेली. ताइप तिथंच संपली. दीवच्या लोकांचं विमानही त्याच दिवशी बंद पडलं.

आजी १९६२ च्या जानेवारीत मडगावला गेली. तिची आई तोवर गेलेली होती.

मला या सगळ्यात एक गोष्ट सलते. ताइप लहान लहान वस्त्यांना जोडत होती हे खरं, पण ती काढली होती नाकेबंदी फोडायला. माणसांची गरज हे तिचं कारण नव्हतं. म्हणून कारण संपलं तशी सेवा संपली, आणि दीवच्या माणसाला पुढं काय, हे कुणी विचारलं नाही. तुम्ही म्हणता तो भरवसा इथंच सुरू होतो असं मला वाटतं. विमान कुणासाठी सुरू केलंय, यावर.

---

वखारवाला_निपाणी
रविवार, रात्री ११.४५

ताई, आजींचं वाचून गलबलून आलं. सांबरा ते दाबोळी विमानाला किती वेळ, आणि आजींना सहा वर्षं.

विमान कुणासाठी सुरू केलंय हा प्रश्न मी मांडायला हवा होता, तुम्ही मांडलात. खुद्द टाटांचं पहिलं विमान घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले, ते टपालाच्या पिशव्या घेऊन. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतनं आणले होते. पुढं तीच डाक टाटांचे दुसरे वैमानिक व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रासला नेली. म्हणजे आजच्या कर्नाटकात नियमित हवाई सेवेनं पहिल्यांदा पाय टेकला तो बळ्ळारीला, आणि विमानात माणूस नव्हे, पत्रं होती. पण टपालाला वेळेचं बंधन होतं, म्हणून ते विमान रडतखडत का होईना, ठरल्या दिवशी उडायचं. माणसांच्या वाट्याला तेवढी शिस्त आली नाही.

---

कानपूर_रिटर्न
सोमवार, सकाळी ६.३०

राम राम मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, नोकरी कानपूरला एचएएलमध्ये झाली. डॉर्नियरच्या बांधणीवर बरीच वर्षं होतो, म्हणून दोन शब्द.

१९८३ मध्ये जर्मनांशी करार झाला, आणि १९८६ मध्ये आम्ही बांधलेली विमानं वायुदूतकडं जायला लागली. पहिलं विमान हँगरच्या बाहेर ओढलं तेव्हा आम्ही पोरं अनवाणी उभी होतो, कारण सकाळी पूजा झाली होती आणि चपला बाहेर काढलेल्या.

आसनं १९ च का, हे पुष्कळ जण विचारतात. १९ पर्यंत हवाई सेविका नसली तरी चालतं, विसावं आसन आलं की ठेवावी लागते. म्हणून जगातली कितीतरी छोटी विमानं १९ वरच थांबलेली आहेत. डॉर्नियरची केबिन बघितली तर चौकोनी डब्यासारखी. मधे वाट, दोन्ही बाजूंना एक एक आसन. म्हणजे प्रत्येकाला खिडकी. पंख वरच्या बाजूला, त्यामुळं खालचं शेत, विहीर, बैल सगळं दिसायचं. आत हवेचा दाब राखायची सोय नाही, म्हणून फार वर जायचं नाही आणि कानांना दडे बसायचे. काकांना कापूस दिला तो त्यासाठी आणि आवाजासाठी. याची इंजिनं जमिनीवर उभी असतानाही जवळजवळ पूर्ण वेगानं फिरतात, त्यामुळं विमान उडताना करतं त्यापेक्षा जास्त कर्कश आवाज उभं असताना करतं. हातानं खुणा करूनच बोलावं लागायचं.

वजन करायचं कारणही सांगतो. मोठ्या विमानात माणसाचं सरासरी वजन धरून भागतं. १९ जणांत पाच पैलवान मागं बसले तर तोल जातो. म्हणून काटा, आणि मग "तुम्ही पुढं बसा, तुम्ही मागं". तुमच्या काकांच्या ७१ किलोला विमानात मोल होतं, ते वहीत मांडलं हे अगदी योग्य केलं त्यांनी.

एप्रिल २०२२ मध्ये कानपूरचंच नवं डॉर्नियर दिब्रुगडहून पासीघाटला प्रवासी घेऊन गेलं. टीव्हीवर बघितलं. वायुदूत ज्या गावासाठी सुरू झाली तिथंच, चाळीस वर्षांनी. बायकोला हाक मारून दाखवलं.

---

हिशोबनीस
सोमवार, दुपारी १.१५

धागा उत्तम चालला आहे. पण धागाकर्त्यांच्या मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि कारण हिशोबाचं आहे.

१९ आसनांच्या विमानाला वैमानिक दोनच लागतात, १८० आसनांच्या विमानालाही दोनच. विमानतळावर अग्निशमन गाडी, तिकीट खिडकी, सामानाचा माणूस, हे दोन्हीकडं लागतंच. फरक एवढाच की इकडं तो खर्च १९ जणांत वाटायचा. त्यातले दहाच आले तर दहा जणांत. भाडं वाढवलं तर तेही बसने जाणार, कमी ठेवलं तर प्रत्येक फेरीला तोटा. वायुदूतच्या वेळी भाडं आणि मार्ग, दोन्हींवर सरकारचा हात. गावाच्या खासदारानं मागणी केली की थांबा वाढायचा. थांबे शंभराकडं गेले आणि विमानं काही त्या प्रमाणात वाढली नाहीत, म्हणजे प्रत्येक गावाच्या वाट्याला फेऱ्या कमीच येणार. त्यात १९९० च्या आखाती युद्धानं इंधन भडकलं. वर्षभरात देशाचीच तिजोरी आटली. तिथं वायुदूतला कोण वाचवणार?

आणि हे तेव्हाचंच नाही. लहान गावांना विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत सरकारनं उघडपणे तूट भरून द्यायची ठरवली. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांचं भाडं २,५०० रुपयांच्या घरात बांधून दिलं, आणि तीन वर्षं कंपनीला फरक द्यायचा. तो पैसा मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडनं गोळा होतो, राज्यही आपला वाटा देतं. एवढं करून काय झालं ते कॅगच्या (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) २०२३ च्या अहवालात आहे: दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पुरी केली. आणि मार्च २०२३ पर्यंत त्यातले ५४ टिकून होते.

भावना मला समजतात, पण ७७४ चे ५४ होतात तेव्हा गावात पुरेशी माणसं नाहीत असंच म्हणावं लागेल.

---

उगारची_सून
सोमवार, दुपारी ३.४०

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या काठावर. वायुदूत म्हटलं की आमच्या गावात दुसरं काही आठवत नाही. २३ सप्टेंबर १९८९ ला पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्नियर धरणाच्या पाण्यात कोसळलं. ११ जण गेले. मी सहावीत होते. गावातल्या भोयांच्या होड्या शोधायला गेल्या होत्या, माझे चुलतेही गेले होते. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी त्या बाजूला जाळं टाकलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९ ऑक्टोबर १९८८ ला, गुवाहाटीला उतरताना वायुदूतचं फोकर पडलं होतं, त्यात ३४ जण होते, कुणीच वाचलं नाही.

छोट्या विमानांवरचा लोकांचा विश्वास अशानंही उडतो. हिशोबात हे कुठं धरतात मला माहीत नाही, पण माझ्या वडिलांनी त्यानंतर आयुष्यात विमानाचं तिकीट काढलं नाही.

---

कानपूर_रिटर्न
सोमवार, दुपारी ४.०५

ताई, उजनीची बातमी कारखान्यात पोचली तेव्हा दुपारची जेवणाची सुट्टी होती. कुणी डबा उघडला नाही. याहून जास्त मला लिहवत नाही.

---

फाउंड्रीवाला_उद्यमबाग
सोमवार, रात्री ८.३०

हिशोबनीस साहेब, आकडे बरोबर असतील, पण त्या आकड्यांच्या आत काय घडतं ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतनं सांगतो.

आमचं कास्टिंगचं, म्हणजे लोखंड ओतून भाग बनवायचं काम. गिऱ्हाईक अहमदाबाद, राजकोटकडं. पूर्वी अहमदाबादला जायचं म्हणजे रात्रीची गाडी, दुसरा दिवस प्रवासात, तिसऱ्या दिवशी काम. २०१९ मध्ये घोडावतांची स्टार एअर सुरू झाली, ५० आसनांची एम्ब्राएर जेट, आणि बेळगाव त्यांचं मुख्य ठिकाण. सांबऱ्याहून थेट अहमदाबाद! नमुन्याचं कास्टिंग फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं, सकाळी निघालो, दुपारी गिऱ्हाइकाच्या टेबलावर ठेवलं. त्यानं कॅलिपर लावला, एका जागी अर्धा मिलिमीटर कमी निघाला, मी तिथनंच फोरमनला फोन केला. त्याच आठवड्यात दुसरा पॅटर्न तयार. हे काम कुरियरनं होत नाही. तुमचे काका तंबाखूचा ४ किलो नमुना घेऊन गेले ते मला एकदम आपलंसं वाटलं, कारण मी तेच करतोय, फक्त लोखंडाचं.

आता २०१८ ची गोष्ट बघा. उडानमध्ये हुबळीचं नाव होतं, बेळगावचं नव्हतं. विमानं इथनं उचलली गेली आणि हुबळीला गेली. माणसं तर तीच होती ना? सांबऱ्याला रोज गर्दी करणारे आम्हीच पहाटे गाडी काढून कित्तूर, धारवाड करत हुबळीला जायला लागलो. मग जानेवारी २०१९ मध्ये बेळगावचं नाव यादीत आलं आणि वर्षभरात सांबरा परत गजबजलं. गावात माणसं आहेत की नाहीत हे २०१८ च्या सांबऱ्यावर बघून ठरवलं असतं तर उत्तर "नाहीत" असंच आलं असतं.

आणि मार्ग बंद होतो तेव्हा कसा होतो? एका मार्गाची तिकिटं मी महिनाभर आधी काढली होती. फेऱ्या सातच्या चार झाल्या, चारच्या तीन. मग वेळ अशी की मुक्काम पडणारच. मीच तिकीट काढायचं सोडलं. कंपनीच्या वहीत मी "प्रवासी नाही" म्हणून लागलो असणार.

---

चिकोडी_चौक
सोमवार, रात्री ८.५०

फाउंड्रीवाल्यांना पूर्ण अनुमोदन. आमच्या इकडं अजून एक कारण आहे. सीमेवर तणाव झाला की दोन्हीकडच्या बसगाड्या कोगनोळीच्या नाक्यावर थांबतात. पोरीची परीक्षा पुण्याला आणि गाडी नाक्यावर, हे मी सोसलंय. विमानाला मधे नाका नाही. आम्हाला चैन म्हणून विमान नको आहे.

---

हिशोबनीस
सोमवार, रात्री ९.३०

फाउंड्रीवाल्यांचा मुद्दा मान्य. फेऱ्या कमी केल्या की प्रवासी कमी होतात, आणि प्रवासी कमी म्हणून फेऱ्या आणखी कमी होतात. माझ्या हिशोबात मी फक्त दुसरा भाग धरला होता. ७७४ चे ५४ झाले त्यात या चक्रात सापडलेले किती, हे वेगळं काढायला हवं. पण तरीही तीन वर्षांनंतर तूट कोण भरणार हा प्रश्न उरतोच, आणि तीन वर्षं फार थोडी आहेत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. तिला तीन वर्षांची मुदत घालून दिली असती तर आडगावात एसटी पोचलीच नसती.

---

लोंढ्याची_लेक
सोमवार, रात्री ९.५०

हे शेवटचं वाक्य माझ्याकडनं ठळक करा. रस्ता, रेल्वे, एसटी यांना आपण पिढ्यांचा वेळ दिला. आमच्या घाटातली रेल्वे बांधली तेव्हा पहिल्या तीन वर्षांत पैसे वसूल झाले का, असं आज कुणी विचारत नाही.

---

वखारवाला_निपाणी
मंगळवार, रात्री १०.१५

मंडळी, दोन दिवस वहीच घेऊन बसलो होतो. कडोलकर गल्लीवाल्यांनी फोटो मागितला होता, पण त्या पानावर बाकीच्या लोकांची नावं आणि देणीघेणी आहेत, ती उघड करणं बरं नाही. म्हणून विमानाच्या तेवढ्या ओळी उतरवून देतो.

"माघ. विमान. नमुना पसंत. दर बोलून दुसरे दिवशी परत."

"चैत्र. विमान. पुढे बसविले."

"आषाढ. पाऊस. ढग खाली. उजळाईवाडीहून माघारी. रात्री महालक्ष्मी."

"श्रावण. तेच. महालक्ष्मी."

"भाद्रपद. विमान विचारले नाही. महालक्ष्मी."

कोल्हापूरला तेव्हा पट्टी डोळ्यांनी दिसली तरच उतरायचं. पावसाला कुणाचा इलाज नाही. पण भाद्रपदाची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. दोनदा हेलपाटा झाल्यावर तिसऱ्यांदा काकांनी चौकशीच केली नाही, सरळ महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं असणार, पण पुढं त्या वहीत विमान नाही. फाउंड्रीवाले, तुम्ही "मीच तिकीट काढायचं सोडलं" लिहिलंत ना, ती हीच ओळ.

आता घरचं. या ओळी मी काकूंना वाचून दाखवल्या. त्या ७८ वर्षांच्या, विमानात कधी बसल्या नाहीत. काकांबरोबर एकदा जायचं ठरलं होतं, ते राहिलं. धाकटी बहीण बेंगळुरूला असते, तर येत्या शुक्रवारचं सांबरा-बेंगळुरू तिकीट काढलंय, काकू आणि मी. तिकीट दाखवलं तर त्यांनी चष्मा पुसला, नीट बघितलं आणि विचारलं, "मला पण काट्यावर उभं करतील काय रे?"

---

कानपूर_रिटर्न
मंगळवार, रात्री १०.४०

काकूंना सांगा, आता बॅगेचंच वजन करतात. पण विमानतळावर जाताना कापसाचे दोन बोळे घरनंच घेऊन जा. लागणार नाहीत, तरी पर्समध्ये असू द्या. पंख्यांचं विमान असलं तर पंख वर असतो, कुठूनही खालचं दिसतं. जेट असलं तर पंखाच्या पुढची जागा मागून घ्या. खिडकी काकूंना.

---

सांबरा_रोड
मंगळवार, रात्री १०.५२

शुक्रवारी कितीचं विमान आहे? आमच्या पोरांना कुंपणाजवळ उभं करतो, हात करतील.